बुटांच्या कपाटातली पिटुकली

श्रीयुत जावईबापू यांस,

सासऱ्यांचा नमस्कार आणि आशीर्वाद, दोन्ही. (जावई म्हणून नमस्कार घ्या, मुलाच्या वयाचे म्हणून आशीर्वाद घ्या. एकच पाठवला तर तुमच्या सासूबाई दुसऱ्याची आठवण काढून मला फैलावर घेतात.) झोप कशी आहे हे विचारत नाही, घरात तान्हं मूल असताना तसं विचारणं म्हणजे जखमेवर मीठ. कन्येची प्रकृती सुधारत असेल. तुमच्या सासूबाई एव्हाना तुमच्या स्वयंपाकघरातले डबे स्वतःच्या मनासारखे लावून मोकळ्या झाल्या असतील, त्यामुळे साखर सापडत नसेल तर सगळ्यात वरच्या फळीवर मागे बघा. पत्र ऑफिसच्या पत्त्यावर का, असं तुम्हाला वाटेल. तुमच्या घरी फोन केला की तो सासूबाईच उचलतात, आणि उचलल्या उचलल्या स्पीकरवर टाकतात. काही गोष्टी स्पीकरवर सांगण्यासारख्या नसतात.

तर घाबरू नका. तुम्ही आमच्या बुटांच्या कपाटात बसवून दिलेला फोटो साठवायचा सर्व्हर ठणठणीत आहे. हिरवा दिवा लागलाय, पंखा फिरतोय, आमच्या लग्नापासूनचे सगळे फोटो जागच्या जागी आहेत. फक्त पिटुकलीचे सापडत नाहीत. पिटुकलीचे म्हणजे तिच्या जन्मापासूनचे सगळेच. तुम्हीच सासूबाईंच्या फोनमध्ये सोय करून दिलीत, की फोटो काढला की तो आपोआप आमच्या कपाटात येऊन पडतो आणि फोनमधून पुसला जातो, कारण त्यांचा फोन कायम तुडुंब भरलेला. तेव्हा त्यांच्याकडे ते नाहीत आणि माझ्याकडे दिसत नाहीत. माझ्या बटणांच्या फोनवर फोटो येत नाही हे तुम्ही जाणताच. थोडक्यात, मी अजून नातीचं तोंड पाहिलेलं नाही, आणि त्या रोज विचारतात तेव्हा छान आहे, छान आहे, असं म्हणतोय.

हे कसं घडलं ते पहिल्यापासून सांगतो. (मध्ये मध्ये भरकटेन. घरात ऐकायला कोणी नसलं की माणसाचं असं होतं.) तुम्ही जाताना बजावलं होतंत, बाबा, याची देखभाल म्हणजे याला हात न लावणं. मला तेव्हाच हसू आलं होतं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस मी. आमच्या धंद्यात चालू घड्याळच अधूनमधून उघडून, पुसून, तेल देऊन बंद करतात, बंद पडल्यावर काय, कुणीही उघडेल. ही तुमच्याकडे निघाली आणि त्याच दिवशी दुपारी माझे हात शिवशिवायला लागले. कपाट उघडलं तर यंत्रावर बुटांची धूळ, आणि आत पंख्याच्या पात्यांवर तर गालिचा पसरलेला. म्हटलं, सर्व्हिसिंग करून टाकू. रीतसर यंत्र बंद केलं. जेवणाच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरलं, एकेक भाग काढून लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडला, ब्रशनं झटकला. (तेल दिलं नाही, शपथ. बाटली हातात घेतली होती, पण ठेवून दिली.) लावताना पाहिलं तर तुम्ही लांब वायर जवळच्या डिस्कला दिलेली आणि आखूड वायर ताणून लांबच्या डिस्कला. रागावू नका, पण असलं काम केलेल्या माणसाला आमच्या दुकानात चहा मिळाला नसता. मी आखूड वायर जवळच्या डिस्कला दिली, लांब वायर लांबच्या डिस्कला दिली, झाकण लावलं आणि बटण दाबलं. पंखा असा चालायला लागला की कपाटात यंत्र आहे हे बुटांनाही कळू नये.

मग हौसेनं टीव्ही लावला, म्हटलं आपले जुने फोटो बघू. फोल्डर उघडलं तर रिकामं. एक फोटो नाही. जावईबापू, पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या सोफ्यावर कळलं. लग्न नाही, कन्येची शाळा नाही, तुमचं लग्न नाही. (तुमच्या लग्नातला मी रुसून बसलेला फोटोही नाही. पण तो गेल्याचं दुःख त्या क्षणीही फारसं झालं नाही.) त्याच संध्याकाळी तुमचा फोन आला की मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, आणि मी इकडून एवढंच बोललो की वा, वा. तुम्हाला वाटलं असेल, सासऱ्यांना गहिवरून आलं. आलं होतंच हो, पण अर्धं कपाटाकडे बघून.

पुढचे दिवस मी तुम्ही ठेवून गेलेला जुना लॅपटॉप उघडून, ज्यात सर्व्हरला आज्ञा लिहून द्यायच्या असतात, त्या काळ्या खिडकीपुढे काढले. टायपिंग मला जमत नाही, एकेक अक्षर शोधेपर्यंत पुढचं विसरतो. म्हणून समोरच्या दारच्या टायपिंगच्या क्लासवाल्या बाईंना बोलावलं. त्या निवृत्त झाल्या असल्या तरी बोटं निवृत्त झालेली नाहीत. मी आज्ञा सांगायचो, त्या कीबोर्डकडे न बघता टाइप करायच्या, आणि यंत्र दर वेळी उत्तर द्यायचं की अशी कुठली आज्ञाच नाही. बरंच डोकं खाजवल्यावर लक्षात आलं. बाई प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर कॅपिटल करत होत्या आणि शेवटी पूर्णविराम देत होत्या. हे यंत्र ज्याच्यावर चालतं त्या लिनक्सला यातलं काहीच खपत नाही. मी सांगितलं तर म्हणाल्या, असल्या अशिक्षित यंत्रासाठी मी माझी शिस्त मोडणार नाही. (पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, यावरून वेगळा वाद झाला. त्यांना वाटलं, यंत्र मुद्दाम दुर्लक्ष करतंय.) शेवटी तोड निघाली. बाई ओळ लिहिणार, पूर्णविरामही देणार, आणि मी हात पुढे करून पूर्णविराम आणि कॅपिटल दुरुस्त करणार.

आणि खरं सांगू, मला मजा यायला लागली. यात एक 'मॅन' म्हणून आज्ञा आहे. ती देऊन पुढे दुसऱ्या कुठल्याही आज्ञेचं नाव लिहिलं की यंत्र तिच्याबद्दल पानंच्या पानं उघडून दाखवतं. मी डोळ्याला भिंग लावून ती सगळी वाचत सुटलो, कामाची आणि बिनकामाचीही. त्यातून उमजलं की डिस्क कुठेही गेलेली नव्हती, यंत्राला आत ती दिसत होती, नुसती फोल्डरवर बसवली गेली नव्हती, म्हणजे फोल्डर उघडलं की तिच्यावरचं दिसावं अशी जोडली गेली नव्हती. कारण असं की यंत्र डिस्कांना नावं देतं ती रांगेत कोण कुठे उभं आहे, म्हणजे कोण कुठल्या वायरीला आहे, ते बघून. पहिली ती ए, दुसरी ती बी. तुम्ही यंत्राला लिहून दिलं होतंत की 'बी'वर फोटो आहेत. मी वायरी नीटनेटक्या केल्या आणि बी झाली ए. यंत्र सुरू होताना 'बी'कडे गेलं, ती भलतीच निघाली, आणि ते गप बसलं. तुम्हीच त्याला सांगून ठेवलेलं, डिस्क मिळाली नाही तरी अडून बसू नकोस. बिचारं अडून बसलं नाही. आता मला सांगा, डिस्कला तिचं स्वतःचं लांबलचक जन्मनाव असताना, जे ती कुठल्याही भोकात खोचली तरी बदलत नाही, तुम्ही रांगेतला नंबर का लिहिलात? (टोमणा नाही, खरंच कुतूहल आहे. शिवाय मला त्या डिस्कबद्दल आपुलकी वाटते. मी दुकानात शेठ, घरात अहो, तुमच्याकडे बाबा, आणि आता म्हणे आजोबा. जिथे खोचाल तसं नाव.)

ते जन्मनाव मी भिंगातून एकेक अक्षर वाचलं, बाईंनी ते 'बी'च्या जागी लिहिलं, आणि शेवटी पूर्णविराम दिला नाही. त्यांना त्याचा किती त्रास झाला ते मी डोळ्यांनी पाहिलं. आज सकाळी यंत्र बंद करून चालू केलं आणि टीव्हीवर लग्नापासून सगळं हजर! माझा जीव भांड्यात पडला. बाईंनी आमच्या लग्नातला फोटो बघून माझे तेव्हाचे केस खरे होते का, असं विचारलं. तेवढ्यात सासूबाईंचा फोन. पिटुकलीचा जांभई देतानाचा बघितलात का, म्हणाल्या. मी शोधायला लागलो. जांभई नाही, पिटुकलीच नाही. लग्नापासून ही तुमच्याकडे निघेपर्यंतचं सगळं आहे, आणि त्यानंतरचं एकही नाही. म्हटलं, हो, काय सुंदर जांभई. भांड्यातला जीव परत बाहेर.

तर जावईबापू, माझा प्रश्न साधा आहे आणि निव्वळ कुतूहलापोटी आहे. डिस्क फोल्डरवर बसलेली नसताना कोणी दुरून त्या फोल्डरमध्ये फोटो टाकले, तर ते जातात कुठे? हवेत विरतात, की परत फिरतात, की कुठे वाट बघत बसतात? ऑफिसातून फोन करून सांगा. पिटुकलीला पापा द्या. माझ्या नावानं द्या, पण नाव घेऊ नका, म्हणजे सासूबाई चौकशा करणार नाहीत.

तुमचे,
सासरे

ता. क. हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाका. ऑफिसात फाडा, घरी नको. तुमच्या सासूबाई कचऱ्याच्या डब्यातलेही तुकडे जुळवतात.

ता. क. पाकीट अजून बंद केलेलं नाही, बरं झालं. पोस्टात टाकायला म्हणून बूट काढायला कपाट उघडलं आणि तिथेच उभा राहिलो. आमच्याकडे भिंतीवरच्या घड्याळाची तबकडी खराब झाली की गिऱ्हाइकाच्या घाईमुळे जुनीवरच नवी चिकटवून देत. पुढे कधी नवी निघाली की खाली जुने आकडे जसेच्या तसे. आणि डिस्क बसवण्याच्या आज्ञेच्या पानावर मी चक्क वाचलं होतं की फोल्डरमध्ये आधीचं जे काही असेल ते डिस्क वर बसली की दिसेनासं होतं. वाचलं आणि मान डोलावून पुढे गेलो होतो! एका पायात बूट घालून बाईंना हाक मारली. डिस्क उतरवायची आज्ञा दिली तर यंत्र म्हणालं, ती कामात आहे. टीव्हीवर आमचं लग्न चालू होतं, ते बंद केलं. मग डिस्क उतरली, आणि खाली पिटुकली! जांभई देताना, झोपताना, मुठी वळून कुणावर तरी चिडलेली. एकही फोटो गेलेला नाही. सगळे आधी दुसरीकडे उचलून ठेवले, डिस्क परत बसवली आणि मग तिच्यावर चढवले. मी भिंग लावून पडद्याला डोळा टेकवून बघितलं, तर नुसते लाल-हिरवे-निळे ठिपके दिसले. मागे सरकून बघितलं तेव्हा दिसली. फार गोड आहे हो. तुमच्यावर गेलेली नाही.

ता. क. आता खरं काम. फोटोंमध्ये एक व्हिडिओही होता. त्यात तुमच्या सासूबाई पिटुकलीला मांडीवर घेऊन सांगतायत की आजोबा तिकडे यंत्राची राखण करतात, फार मोठ्ठं काम आहे त्यांचं, म्हणून नाही आले. थट्टा नव्हती त्यात. बाई चष्मा पुसायला लागल्या आणि मी कपाटातले बूट उगीचच सरळ लावत बसलो. तुमच्या सासूबाई तिकडे निघताना मला म्हणाल्या होत्या, येता का? मी म्हटलं, नको, सर्व्हरकडे कोण बघेल, आणि तान्ही बाळं काय, सगळी सारखीच दिसतात, फोटोत बघेन. मला वाटलं, कोणीतरी दुसऱ्यांदा विचारेल. कोणी विचारलंच नाही. आता आपण होऊन येतो म्हणालो तर ती सारखी दिसणारी बाळं जन्मभर ऐकावी लागतील. म्हणून विनंती अशी, की आज घरी गेल्यावर सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा की आपल्याकडचं अमुक बिघडलंय आणि ते बाबांशिवाय कुणाला जमणार नाही. घड्याळ चालेल, पंखा चालेल, कडी चालेल. इथल्या यंत्राची काळजी नको, ते मी हात लावला नाही तर नीट चालतं. मी बॅग भरून ठेवली आहे, भिंग आणि चिमटा वरच्या कप्प्यात आहेत. आणि तुमच्याकडे काहीच बिघडलेलं नसेल, तर आधी काहीतरी बिघडवा.