घड्याळ माझं, हात तिचा

आई,

एक तक्रार गंभीरपणे नोंदवून घे. तू मला दिवसातून एकदाच उठवायचीस, तेही पांघरूण ओढून. लेकीने वाढदिवसाला दिलेलं हे नवं घड्याळ मला दर तासाला 'उत्तिष्ठ' म्हणतं. मनगटावर थरथरतं, आणि मी मिनिटभर उभा राहिल्याशिवाय त्याचा जीव शांत होत नाही. वर्गात तीस वर्षं संस्कृत शिकवून पोरांना उभं केलं, आता पट्ट्याला बांधलेली चकती मला उभं करते. कलियुग म्हणतात ते हेच असावं.

घड्याळ नुसतं उठवत नाही. पावलं मोजतं, हृदयाचे ठोके मोजतं, ठोक्यांची लय बिघडली तर सांगतं, आणि हे सगळं बंगळुरूला लेकीच्या फोनवर दिसतं. "आजोबांना अटॅक आला होता ना, बाबा? मग तुम्ही सांभाळायलाच हवं. रोज सहा हजार पावलं. मला दिसतं हं."

आता आमच्या मुलुंडच्या घरात रोज सहा हजार पावलं कोण चालतं? तू न पाहिलेली तुझी सून. सकाळची फेरी, मंडई, वर तीन जिने. तेव्हा मी एक शास्त्रशुद्ध तोड काढली. यज्ञात यजमान पाटावर बसून असतो, खटपट पुरोहिताची आणि फळ यजमानाला. मी घड्याळ काढून तिच्या हातात बांधलं.

"अहो, लाज वाटत नाही? पोरीला फसवताय."

"तू चालतेसच की. वाया कशाला घालवायचं?"

"बांगड्यांना लागतंय."

"मग बांगड्या वर सार."

दिवाळीपासून हे अनुष्ठान निर्विघ्न चालू होतं. लेक खूश. "झकास, बाबा! मला वाटलंच नव्हतं." मलाही वाटलं नव्हतं.

गेल्या महिन्यात एका दुपारी तुझी सून जेवण उरकून खुर्चीत डोळे मिटून पडली होती. घड्याळ काढायला विसरली होती, आणि मी कशाला आठवण करू? ते थरथरलं. "अहो, तुमचं घड्याळ काहीतरी बोलतंय." मी चष्मा लावून वाचलं: हृदयाची लय अनियमित दिसते आहे, डॉक्टरांना भेटा. वाचून होईपर्यंत फोन वाजला.

"बाबा, आधी बसा. छातीत दुखतंय? घाम येतोय?"

"मला काही होत नाहीये गं."

"काय यार, बाबा! सगळे असंच म्हणतात."

"अगं, घड्याळ... आईच्या हातात आहे."

पलीकडून अगदी हळू आवाजात, "कधीपासून?"

"दिवाळीपासून."

आपल्या घाटकोपरच्या दोन खोल्यांत हृदय फक्त अण्णांना होतं. त्यांची आमटी वेगळ्या पातेलीत, अळणी. त्यांच्या गोळ्या पितळी डबीत. ते खोकले तरी तू हातातलं लाटणं टाकून धावायचीस, आणि आम्ही भावंडं पुस्तकातून मान वर करून अण्णांकडे बघायचो, तुझ्याकडे नाही. एका सकाळी तू ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभी आहेस. पोळी तव्यावर करपते आहे. मी दारात, कॉलेजची पिशवी खांद्याला. "काय झालं?" "काही नाही रे, पित्त झालंय. उतरव ती पोळी." मी पोळी उतरवली, गुंडाळून खाल्ली आणि गेलो. त्याच आठवड्यात तू गेलीस. अण्णा त्यानंतर अकरा वर्षं अळणी आमटी खात राहिले. तुझी नाडी मी आयुष्यात एकदाच धरून पाहिली, आणि तेव्हा ती लागत नव्हती.

म्हणून या वेळी मी शहाण्यासारखा वागलो. घड्याळावर ठोक्यांचा आलेख घ्यायला लेकीने फोनवरून पढवलं तसं केलं: पट्टा मनगटाच्या हाडाच्या वर घट्ट, हात टेबलावर, दुसऱ्या हाताचं बोट बटणावर, अर्धा मिनिट हलायचं नाही, बोलायचं नाही. यातलं शेवटचं तुझ्या सुनेला जड गेलं. पहिल्या खेपेला विसाव्या सेकंदाला, "तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद करा," आणि नोंद फुकट गेली. मग त्या हातातल्या बांगड्या काढल्या, कुकर उतरवला, आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ नोंदी घेतल्या. कधी घेतली, आधी ती काय करत होती, धाप होती का, हे मी शेजारी वहीत लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी फोनवरचे आलेख सरकवत पाहिले. "निदान घड्याळ करत नाही, काका, पण हे आणलंत ते फार बरं केलंत." छातीला तारा लावून मोठा ईसीजी काढला. लय खरंच चुकत होती. रक्त पातळ राहण्याची गोळी सुरू झाली आहे, आणखी तपासण्या व्हायच्या आहेत. वेळेत कळलं, असं त्या दोनदा म्हणाल्या. घरी येताना रिक्षात तुझी सून म्हणाली, "बघा, तुमच्या आळसाने जीव वाचवला माझा." मला हसायला आलं नाही. तिला आलं.

आता घड्याळ कायमचं तिच्या हातात आहे. माझी पावलं मी स्वतः चालतो, तिच्या मागून, पिशवी घेऊन.

हे पत्र पोस्टात पडायचं नाहीच, पण घरातही कुणाला दाखवणार नाही. घड्याळ थरथरलं त्याच्या आदल्या आठवड्यात ती दोनदा ओट्याला धरून उभी राहिली होती. मी पाहिलं. विचारलंही. "काही नाही हो, जिने चढून आले ना." मी म्हटलं, बरं, मग चहा टाक.

ते घड्याळ रोज तासभर चार्जिंगला लावावं लागतं. तेवढा वेळ मी स्वयंपाकघरात उगाच डबे उघडत घुटमळतो आणि ती मला हाकलते. मला भीती वाटते, आई. त्या तासात ती पुन्हा 'काही नाही' म्हणेल, आणि मी पुन्हा खरं मानेन.