फ्यूजच्या जागी लुगड्याची चिंधी

आई,

काल घरातली वीज गेली तेव्हा नातू खिडकीत उभा राहून खात्याच्या नावानं जे काही बोलत होता, ते ऐकून तुला बरं वाटलं असतं. मी त्याला म्हणालो, गप बस, कुणीतरी वर चढलं असेल. तर म्हणतो, "आजोबा, तुम्ही अजून खात्याचीच बाजू घेता!" मला हसूच आलं. खात्याची बाजू आणि मी? तुझ्या पोटचा असून? पण मग रात्रभर तूच डोळ्यांसमोर होतीस, म्हणून आज सकाळी चहा झाल्यावर लिहायला बसलो. तुला वाचता येत नव्हतं. खात्याचा कागद आला की तू मला तो दोनदा वाचायला लावायचीस आणि दुसऱ्यांदा ऐकताना जास्त चिडायचीस.

आबा लाइनमन, त्यांची रीत तुला माझ्याहून जास्त ठाऊक होती. खांबावर चढायच्या आधी डीपीच्या पेटीतल्या चिनीमातीच्या फ्यूज, ज्यांना सगळे ग्रिपा म्हणायचे, त्या उपसायच्या आणि भाकरीच्या पिशवीत टाकून वर घेऊन जायच्या. ग्रिपा माझ्याजवळ तर वीज माझ्याजवळ, असं ते म्हणायचे. कधी एखादी फुटकी ग्रिप पिशवीतून घरी यायची आणि चुलीपुढं फडकं झटकताना तू ओरडायचीस, "ह्या काय कपबश्या हायत व्हय, घरी आनायला?" आबा हसायचे आणि ती ग्रिप कोनाड्यात ठेवून द्यायचे. दुष्काळानंतरची ती वर्षं. खात्यात माणसंच उरली नव्हती. जुने लाइनमन निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत, आणि उरलेल्यांतला एक चांगला गडी साहेबांच्या बंगल्यावर झाडांना पाणी घालत होता. रोजंदारीवर आलेल्या माणसाच्या हातात पक्कड दिली की तो झाला लाइनमन. स्टोअरमध्ये ग्रिपा नाहीत, फुटली तर नवी मिळत नाही, मग रिकाम्या खाचेत नुसती तार अडकवायची आणि लाइन चालू करायची. सगळ्या सोलापुरात हेच चाललं होतं. पूर्वी पेटीत ग्रिपा दिसल्या नाहीत की खालचा माणूस समजायचा, वर कुणीतरी आहे. आता तो समजायचा, स्टोअरात माल नाही.

त्या दिवशी तेच झालं. यंत्रमागवाले दुपारपासून साहेबांच्या डोक्यावर बसले होते, साहेबांनी नव्या रोजंदारीवाल्याला पिटाळलं, त्यानं पेटी उघडली, खाचा रिकाम्या पाहिल्या आणि रोजच्यासारखी तार अडकवली. आबा वर होते. त्यांना खाली उतरवलं तेव्हा पिशवी खांद्यालाच होती, ग्रिपा भाकरीच्या फडक्यात होत्या. त्या पोराला मी कधी दोष दिला नाही, तूही दिला नाहीस. त्याला कुणी काही शिकवलंच नव्हतं.

आबांचे दिवस झाल्यावर साहेबांनी आपल्याला बोलावलं. ते वाईट नव्हते, थकलेले होते, आणि मला वाटतं थकलेला साहेब जास्त महागात पडतो. त्यांनी आधी सांगितलं की अपघात मयताच्या निष्काळजीपणामुळे झाला असं वर कळवलंय. मग जरा मऊ आवाजात म्हणाले, मुलाला वडिलांच्या जागी घेतो, सोमवारपासून लाइनवर हजर होऊ दे. मी मान हलवणारच होतो. घरात धाकट्या दोन बहिणी, तुझ्या विड्यांवर कसंबसं चाललेलं. तेवढ्यात तू ती पिशवी साहेबांच्या टेबलावर उपडी केलीस. ग्रिपा काचेवर खणखणल्या.

"ह्या त्येच्याजवळ हुत्या. आनि काय करायचं हुतं त्येनं?"

तू पुढं म्हणालीस, "पोरगं शिकल्याबिगर चढनार न्हाय. आदी शिकवा, मग चढवा."

"मावशी, शिकवणाऱ्याचीच जागा दोन वर्षं रिकामी आहे. मी काय करू?"

"तुमची जागा रिकामी न्हाय न्हवं? मग तुमी शिकवा की."

"नियमात बसत नाही ते."

"न शिकवता चढवायचं बसतंय व्हय?"

बाहेर आल्यावर मी तुझ्याशी भांडलो. हातातली नोकरी घालवलीस म्हणालो. साहेबांनी सांगितलंच होतं, जागा फार दिवस धरून ठेवता येणार नाही. मोडनिंबहून मामा आला, त्यानंही तुला चार शब्द सुनावले. दुसऱ्या दिवशी सूप मांडीवर घेतलंस, पानं आणि तंबाखू घेतलीस आणि खात्याच्या ऑफिसच्या व्हरांड्यात विड्या वळायला बसलीस. रोज. शिपाई उठवायला आला तर त्याला म्हणालीस, "हितं बसायला बी शिकावं लागतंय का रं?" तक्रार घेऊन येणारा यंत्रमागवाला असो नाहीतर गिरणीचा कारकून, तू त्याला थांबवून सगळं सांगायचीस, त्याला मराठी येत नसेल तर विड्यांच्या कामावर ऐकून शिकलेल्या मोडक्या तेलुगूत. आपली वीज का जाते हे लोकांना व्हरांड्यातच कळायला लागलं आणि ते आत जाऊन साहेबांना विचारायला लागले. पावसाळा संपेपर्यंत हे चाललं. शेवटी साहेबांनी एका निवृत्त लाइनमनला पुन्हा बोलावून घेतलं आणि आम्हा सात-आठ पोरांना त्याच्या हाताखाली दिलं. नियमात ते कसं बसवलं, देव जाणे.

शिकून झालं. पहिल्यांदा लाइनवर जायच्या दिवशी मी भाकरी खात बसलो होतो आणि तू विचारलंस, "तू बी ग्रिपा पिशवीत घालनार. तुज्या बानं बी घातल्या हुत्या. खालच्याला कळावं कसं?" तू उठलीस, कपड्यांच्या पेटीतून तुझं लाल लुगडं काढलंस, आबा गेल्यापासून घडी न मोडलेलं, आणि दाताखाली धरून टरकन फाडलंस. मी नको नको म्हणत राहिलो.

"मला आता नेसायचं न्हाय ते. कामाला तरी यिऊ दे. ग्रिप काढली की तितं हे बांद. येवढीशी नगं, लांबनं दिसली पायजे. आनि हे असताना जो तार लावील, त्येला म्हनावं माज्याशी गाठ हाय."

मी बांधली. मग बरोबरच्या पोरांनी मागितली, तू सगळ्यांना फाडून दिलीस. नवे साहेब आले, म्हणाले, सरकारी पेटीला चिंध्या कसल्या, काढा. मी म्हणालो, ग्रिपा द्या, शिकलेली माणसं द्या, त्या क्षणी काढतो. त्यांनी मला अक्कलकोटला पाठवलं, मी तिथं बांधली. पुढच्यांनी कुर्डुवाडीला पाठवलं, तिथंही बांधली. निवृत्त होईपर्यंत ना त्यांनी दिलं, ना मी काढली. माझ्या हाताखालचा एकही माणूस तारेवर दगावला नाही, आणि याचं श्रेय मी खात्याला कणभरही देणार नाही. निरोप समारंभात माईक हातात होता तेव्हा तसं बोललोही. पुढच्या रांगेतल्या टाळ्या थांबल्या, मागच्या रांगेत वाढल्या.

शेवटची एक चिंधी माझ्या कपाटात आहे, रंग पार विटलाय. हा कागद घडी करून तिच्यातच गुंडाळून ठेवतो, दुसरीकडं पाठवायचा कुठं?

एक मात्र तुला कधी सांगितलं नाही. संध्याकाळी घरी आलो की तू विचारायचीस, "भ्या वाटलं का रं?" आणि मी म्हणायचो, ह्यॅ, कसलं भ्या. वाटायचं, आई. रोज वाटायचं. तारेला हात लावायच्या आधी मी एकदा खाली बघायचो, लाल दिसतंय का ते, आणि दिसलं की मगच हात पुढं जायचा.