न मोजलेली भावंडं

५ फेब्रुवारी, गुरुवार
आलं: दत्तूच्या गॅमा इंजेक्शनाच्या बाटल्या २, औरंगाबादहून, दुपारच्या एस.टी.नं, थर्मासात बर्फ घालून. रु. ९५ प्रमाणे. कंडक्टरला चहा. ग्लुकोजचा पुडा १. तुराट्यांची मोळी १, रु. ६, त्यात निम्म्या किडलेल्या.
बाटल्या ह्यांनी लगेच केंद्रात नेऊन गार ठेवल्या. दूध संघाचं शीतकरण केंद्र आणि आमची खोली, मधे एकच भिंत. ह्यांची नोकरी तिथली, म्हणून औषध टिकतं. गावात दुसरीकडे कुठं फ्रिज नाही.
दत्तू पौषात चार वर्षांचा झाला. वजन साडेदहा किलो. खोकला आहेच. जुलाब ३. डावा कान वाहतो.
उपास. पोथीचा अध्याय अर्धाच झाला.

९ फेब्रु., सोमवार
कंपाउंडर येऊन इंजेक्शन देऊन गेला, दोन्ही मांड्यांत. दत्तू म्हणाला, "आज रडलो न्हाई, लिहून ठेव." ठेवलं.
डॉक्टर औरंगाबादला बोलले ते पुन्हा एकदा लिहिते, विसरायला नको. रोगाशी लढणारं जे रक्तात असतं ते ह्याच्या अंगात तयारच होत नाही. जन्मापासूनचं आहे. म्हणून साधी सर्दी छातीत उतरते आणि न्यूमोनिया होतो. पोटात काही गेलं की जुलाब महिना महिना हटत नाहीत. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन. पाणी वीस मिनिटं उकळायचं. गर्दीत न्यायचं नाही.
हे औषधं आणायला खाली गेले तेव्हा डॉक्टर मला एकटीला म्हणाले, हा आजार मुलग्यांना होतो, आणि येतो आईकडून. "तुमच्या माहेरी कुणी मुलगे लहानपणी गेलेत का? गेले असतील तर तुमच्या बहिणींच्या मुलांनाही धोका. आईचं बळ बाळाला सहा महिने पुरतं, तोवर ते गुटगुटीत दिसतं. अशा घरी मुलगा झाला तर पोलिओचा डोस देण्याआधी मला कळवायचं. त्यातले जिवंत जंतू अशा बाळाला बाधतात."
मी म्हटलं, नाही हो. आम्ही दोघी बहिणीच.
हे घरात कुणाला सांगितलेलं नाही.

१४ फेब्रु., शनिवार
सप्ताहाची सांगता. मी टँकरच्या रांगेत होते तेवढ्यात आत्याबाईंनी दत्तूला देवळातलं तीर्थ पाजलं. सासूच त्या, काय बोलणार. तरी बोलले.
"आवं पानी उकळल्याबिगर देऊ नका म्हनून किती डाव सांगितलं."
"तीर्थाला काय उकळायचं असतं का गं? मॅट्रिक झालीस म्हनून देवाला शिकवतीस?"
दत्तू दारात उभा राहून ओठ चाटत होता. म्हणाला, गोड होतं.

१७ फेब्रु., मंगळवार
जुलाब ११. डोळे आत गेले. साखर-मिठाचं पाणी चमच्याचमच्यानं, सकाळपासून. आत्याबाई कोपऱ्यात जप करत बसल्यात. एकदा आपणहून उठल्या, फडकी धुतली, मळकं पाणी झाडाला घातलं.
घरचं तीर्थ मी आज उकळलं. तुळस घालून. देवापुढं ठेवलं. दत्तमहाराज, रागवायचं तर माझ्यावर.

१९ फेब्रु., गुरुवार
जुलाब ५. उतार आहे. पण खोकला वाढला, झोपेत बरगड्या आत ओढल्या जातात.
केंद्राच्या मागच्या मोकळ्या रानात जनावरांची छावणी पडली. तिथल्या लेकरांत गोवर आहे म्हणे. खिडकी लावून घेतली. दारही लोटलेलं. दत्तू फटीतून म्हशी मोजतो. मीही तीच फट वापरते. तो झोपला की माझी पाळी.

२२ फेब्रु., रविवार
कोंडिबामामा आले. आईचे धाकटे भाऊ. दोन बैल घेऊन छावणीत उतरलेत. छावणीतल्या माणसाला मी आत घेत नाही, तसं मामांनाही सांगितलं. ते हसले. "बरं हाय, भाची देव झाली, बाहेरूनच दर्शन." खिडकीखाली बसले, भाकरी गजातून दिली.
विजूची खुशाली सांगितली. माझी धाकटी बहीण, पहिलं बाळंतपण, नांदूरघाटला आईकडं आली आहे. सातवा सरत आला. पाय सुजतात, बाकी ठीक.
दत्तूला नवीन माणूस मिळालं, सोडीना.
"आबा, तुमचं नाव कोंडिबा कावून?"
"मला कोंड्यावर इकत घेतलं, बाळा. जन्मलो का मायनं उकिरड्यावर ठिवलं. शेजारनीनं उचललं. मंग मायनं तिला सूपभर कोंडा दिऊन परत घेतलं. देवाला वाटावं, ह्ये लई हलकं पोरगं हाय, ह्येला निऊन काय करायचं."
"पन कावून?"
"आदीचे टिकत न्हवते म्हनून."
मी पीठ मळत होते. विचारलं, आधीचे किती, मामा?
"मला काय ठावं? मी मागनं आलो. तुज्या मायला इचार. थोरली तीच. तिच्याच काखंत असायचे समदे."
मग बैलाच्या खुराची गोष्ट काढली. बैलाला काय झालं ते मी ऐकलंच नाही.

२३ फेब्रु., सोमवार
जन्मभर त्यांना कोंडिबामामा म्हणत आले. तरी डॉक्टरांना 'नाही' म्हटलं. खोटं बोलले नाही. आलंच नाही मनात.
आणि दुसरं.
दत्तूच्या कानात घालायला कापसाची वळी करत होते. बोटं आपली वळत होती, आणि एकदम कळलं की हे मी आधी केलंय. परकराच्या वयात. आई म्हणायची, "बारीक वळ, त्याला दुखतं." माझ्या पाठीवर एक होता. त्याचा कान वाहायचा. पोट नगाऱ्यासारखं, पाय काड्या. मी पाच वर्षांची असेन. मग विजू झाली आणि आई सगळ्यांना सांगायला लागली, मला दोन लेकी.
पाळण्यातला गेलेला आमच्यात मोजत नाहीत. शिरगणतीचा मास्तर आला तरी नाही, लग्नाच्या बैठकीत तर नाहीच. मी पै-पैचा हिशेब ठेवणारी, पण ह्याला कधी धरलं नाही. नावसुद्धा आठवत नाही त्याचं.
विजूला मुलगा झाला तर सहा महिने बाळसं धरेल. आई दृष्ट काढत बसेल. डोसवाली बाई दारात आली की सगळे हौसेनं पाजतील.

२६ फेब्रु., गुरुवार. महाशिवरात्र
उपास सगळ्यांचा. दत्तूला राजगिरा लाडू, घरचा. खोकला कमी. ताप नाही.
ह्यांना सांगितलं. आत्याबाई देवळात होत्या तेवढ्यात. "डॉक्टर म्हणाले, हे आईकडून येतं."
हे थर्मास धूत होते. म्हणाले, "मला ठाऊक हाय. मला बी सांगितलं त्यांनी, जिन्यात."
"मग बोलला कावून नाहीत?"
"तू कावून बोलली न्हाईस?"
त्यांनी थर्मास पालथा घातला. "मायला नको सांगू. एवढ्याशा खोलीत तुला जगू द्यायची न्हाई."
कोंडिबामामांचं सांगितलं. म्हणाले, विजूचं बघ आधी.

१ मार्च, रविवार
दूध आणखी घटलं. सातशे लिटर यायचं, आता दोनशेसुद्धा नाही. संघाच्या माणसानं येऊन सांगितलं, पाडव्यापर्यंत बघू, नाहीतर केंद्र बंद. ह्यांना दुसरीकडं पाठवतील. कुठं ते नाही सांगितलं. तिथं गारवा असेल का, तेही नाही.
इथून हलता येत नाही, आणि इथं राहताही येणार नाही.
नांदूरघाट काही लांब नाही. पण दत्तूला धुळीत एस.टी.नं कसं नेऊ? ठेवलं तर पाणी कोण उकळणार? आत्याबाईंना चूल नीट दिसत नाही. हे जायला तयार आहेत. पण आई जावयापुढं तोंड उघडायची नाही. मामा परवा येऊन गेले, म्हणाले, "ती मला बी न्हाई सांगायची. मला बघितलं की तिला त्ये आठवत्यात."
पत्रच. पण आईला वाचता येत नाही. आलेली पत्रं विजूच मोठ्यानं वाचून दाखवते, ओट्यावर, चार बाया असतात.
पोटुशीला हे कळवायचं की नाही? तीन दिवस हाच एक प्रश्न. आत्याबाईंना आडून विचारलं. म्हणाल्या, "पोटुशीला वाईट वंगाळ सांगू न्हाई, गर्भ ऐकतो." मीही हेच मानत आले आहे.

३ मार्च, मंगळवार
सकाळी पोथीचा राहिलेला अध्याय पुरा केला. मग लिहायला बसले. पाकीट घेतलं, आत परतीचं कार्ड घातलं, त्यावर आमचा पत्ता मीच लिहिला. नक्कल इथं ठेवते:

चि. विजू हिस अनेक आशीर्वाद.
हे पत्र ओट्यावर वाचू नको. आधी आत जा, बस, पाणी पी.
दत्तूच्या दुखण्याचं नाव कळलं. ते आपल्या घरातून आलं आहे. आईचा दोष नाही, माझा नाही, तुझाही नाही. तुला होणारं लेकरू मुलगी असेल तर काही नाही. मुलगा असेल तरी निम्मी आशा आहे. कोंडिबामामा धडधाकट आहेत ते बघ. पण मुलगा झाला तर मला कळवल्याशिवाय त्याला पोलिओचा डोस देऊ देऊ नकोस, कोण काय म्हणेल ते म्हणो. त्याचं रक्त तपासायचं आहे. दत्तूला उशिरा कळलं. तुझ्याला वेळेत कळेल, एवढ्यासाठीच लिहिते.
डॉक्टरांना एक सांगायचं आहे. आईला एकटीला गाठ. तिचे किती भाऊ गेले, आणि तिचे स्वतःचे मुलगे किती. माझ्या पाठचा एक मला आठवतो. आणखी होता का? ती रडली तर रडू दे, तिचं कुणी ऐकून घेतलेलं नाही. माझ्या पाठच्याचं नाव काय होतं, तेही विचार.
कार्ड उघडं असतं, पोस्टमनपासून सगळे वाचतात. म्हणून मजकूर काही लिहू नको. नुसते दोन आकडे लिही, आणि त्या बाळाचं नाव. उलट टपाली लिही, विजू.