तीन नंबरमागचं आकाश

१३ ऑक्टोबर २०२५, सोमवार

घडलं ते, क्रमाने:

१. सकाळी नागपूरहून फोटोग्राफर आला. कंपनीच्या नव्या कॅलेंडरसाठी त्याला आमच्या गोल्फ कोर्सचा एक फोटो हवा होता.
२. त्याने नऊही ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतालचे बारीक कापलेल्या गवताचे पट्टे, पाहिली.
३. फोटो तीन नंबरचा काढला. तीन नंबर उर्वशीकडे आहे.
४. सहा नंबरजवळ तो पाणी प्यायला थांबला. सहा नंबर माझ्याकडे आहे.
५. कोर्सचे मॅनेजर प्रफुल सर सगळ्यांसमोर म्हणाले, "ग्रीन असावं तर असं, उर्वशी."
६. मी टाळ्या वाजवल्या.

मला काही वाटलं नाही. फक्त नोंद करते. तीन नंबर खाणीच्या जुन्या मातीच्या ढिगाऱ्यावर आहे. मागे झाड नाही, तार नाही, धुराडं नाही, नुसतं आकाश. तिथे सतरंजी अंथरली असती तरी चांगली दिसली असती. माझं ग्रीन खाली नाल्याच्या काठावर, मागे बांबूचं रान. गवत उर्वशीने वाढवलं असेल. आकाश तिने लावलेलं नाही.

१४ ऑक्टोबर

मत्सर हा शब्द इथे लागू नाही. उर्वशी आणि मी एकाच कृषी महाविद्यालयातल्या, एकाच बॅचच्या. ती आरमोरीची, मी मूल गावची. पदवीला मला गुण जास्त होते. दोघी इथे ट्रेनी आहोत आणि कायम होणार एकच जण. जानेवारीतल्या गोल्फ स्पर्धेनंतर सर ठरवणार. निकष ग्रीनची अवस्था. म्हणजे निकाल माझ्या बाजूने आहे, फक्त जाहीर व्हायचा आहे.

१७ ऑक्टोबर

योजना तयार. थंडीत हरळी पिवळी पडते, म्हणून सगळीकडे तिच्यावर राय नावाचं विलायती गवत पेरतात. उर्वशीनेही रायचंच बी मागवलं आहे. पुस्तकातलं जसंच्या तसं.

मी उतेरा टाकणार. म्हणजे आमच्याकडे धान कापायच्या आधी, बांधीत (धानाच्या वाफ्यात) ओल असतानाच, उभ्या पिकात लाखोळीच्या डाळीचं बी फेकून देतात. नांगर नको, खत नको. लाखोळी शेंगवर्गीय आहे, मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. हरळीला फुकट खत, थंडीभर हिरवा रंग. जगात कुठल्याही गोल्फ कोर्सवर हे झालेलं नाही. का झालेलं नाही, याचं कारण उघड आहे. तिथे मूलची माणसं नाहीत.

शोधनिबंधाचं शीर्षक सुचलं आहे. लेखक एकच.

२४ ऑक्टोबर

उर्वशी भाऊबीजेला आरमोरीला गेली आहे. आजच उरकलं. बी घरून आणलं होतं. कामावरच्या बायकांच्या मुकादम गुणाबाई बियाच्या पाटीकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "मॅडम, इथी धान कुठी आहे?" मी म्हटलं, प्रयोग आहे. त्या म्हणाल्या, "बरं बा. आमाले का, तुम्ही म्हणान तिथी फेकू." फेकण्याची पद्धत अचूक होती. अशी माणसं उर्वशीच्या वाट्याला नाहीत. (तीच माणसं आहेत. पण प्रयोग नाही.)

३ नोव्हेंबर

उगवण उत्तम. उर्वशीचं राय अजून वर आलेलं नाही. मी मुद्दाम पाहायला गेले नव्हते, रस्त्यात लागलं. चढ बराच आहे.

१२ नोव्हेंबर

राय आलं. डोळ्यांना त्रास होईल असा हिरवा रंग. सूर्य वर यायच्या आधी तीन नंबरची कड आकाशाला टेकलेली दिसते, आणि त्या कडेवर उर्वशी उभी असते. तिथे उभं राहायचं काही तांत्रिक कारण नाही.

बायका डबे खायला आता तिकडे जातात. ती "काऊन वो बाई, आज भाजी नाई आणली?" असं काहीतरी विचारते आणि सगळ्या हसतात. मलाही ही भाषा येते. कामावर वापरत नाही, इतकंच.

२४ नोव्हेंबर

मोअर, म्हणजे गवत कापायचं मशीन, चालवणारा मुबीन सकाळी मशीन बंद करून माझ्याकडे आला. म्हणाला, "मॅडम, ये गवत नाही, भाजी आहे. पात्यात गुंडाळून राह्यली." पातं वर घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, अजून वर घेतलं तर पातं जमिनीपेक्षा तुमच्याच जवळ येईल. मुबीनला विनोदाची सवय आहे.

चेंडू थोडा हळू जाईल, हे मान्य. पण संथ ग्रीनवरच खेळाडूचा संयम कळतो.

३ डिसेंबर

मोठा दिवस. बायका डबे घेऊन सहा नंबरवर आल्या. भाजीसाठी लाखोळीचे कोवळे शेंडे खुडले, ओट्या भरल्या. खुडल्यावर लाखोळी आणखी फुटते, म्हणजे कापणीही झाली. गुणाबाई वर बघत, उर्वशीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुमचं तीन नंबर पाहाले चांगलं, पण खायले का आहे तिथी?"

हे वाक्य शब्दशः उतरवून ठेवलं आहे.

आजपासून सहा नंबरवर फवारणी बंद. लोक खातात.

१२ डिसेंबर

उर्वशी आली. ग्रीनच्या कडेला बसली, एक शेंडा तोडून चावला आणि इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "रंजी, उतेरा टाकला का गं?" मग गंभीर होऊन म्हणाली, "आताच उपटून टाक. माझ्याकडचं बी उरलं आहे, माझ्या पाळीच्या बायकाही देते. स्पर्धेपर्यंत सावरेल."

मी आभार मानले आणि नको म्हटलं. ती घाबरली आहे, हे स्पष्ट आहे.

२१ डिसेंबर

पहाटे चितळांचा कळप येऊन गेला. खूर उमटलेत, लेंड्या पडल्यात, मधला भाग चरून साफ. तीन नंबरवर एकही खूर नाही. जनावरांना प्रत कळते.

मुबीन म्हणाला, "चितळाच्या मागं कोण येते, ते तुम्हाले मालूम आहे." सुरक्षावाल्यांनी सहा नंबरकडे जायला संध्याकाळी बंदी घातली. माझ्या ग्रीनला स्वतंत्र सुरक्षा मिळालेली आहे. उर्वशीच्या नाही.

१ जानेवारी २०२६

कॅलेंडर आलं. तीन नंबर, खाली हिरवी कड, वर पानभर आकाश. ऑफिसात, कँटीनमध्ये, दवाखान्यात, माझ्या टेबलासमोर. महिना बदलला की पान उलटेल, असं मनात धरलं होतं. एकपानी आहे.

१० जानेवारी

उद्या स्पर्धा. लाखोळीला फुलं आली. निळी, ग्रीनभर. बांबूतून ऊन आलं तेव्हा मी बराच वेळ पाहत उभी राहिले. आकाश माझ्याकडेही आहे. फक्त खाली आहे.

झोप लागेलसं वाटत नाही. आनंदाने.

११ जानेवारी

कंपनीच्या मोठ्या साहेबांचा चेंडू सहा नंबरच्या ग्रीनवर पडला. सगळ्यांनी पाहिला. नंतर कोणालाच दिसला नाही. झेंड्यापासून चार हातांवर साहेब गुडघ्यांवर बसून शोधत होते, त्यांच्यामागे नागपूरचे पाहुणे, त्यांच्यामागे प्रफुल सर. गुणाबाई मदत म्हणून ओरडल्या, "साहेब, शेंडे खुडत जा, भेटन!"

साहेबांनी विचारलं, हे कोणाचं काम? सगळे माझ्याकडे वळले. मी हात वर केला.

तेवढ्यात उर्वशी पुढे आली. म्हणाली, "सर, हा नत्राचा प्रयोग आहे. मला डिसेंबरपासून माहीत होतं. मीही तुम्हाला सांगितलं नाही." मग प्रफुल सर तिलाही बोलले, पाहुण्यांसमोर.

हे करायला तिला कोणीही सांगितलं नव्हतं. तिचं ग्रीन, तिचं आकाश, तिच्या बायका, हे सगळं मी समजू शकत होते. आता हेही तिच्याचकडे.

१६ जानेवारी

उर्वशी कायम झाली. मला गेस्ट हाऊसच्या परसबागेत जागा देऊ केली आहे. प्रफुल सर म्हणाले, "भाजीला तुझा हात चांगला आहे." टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटतं.

सहा नंबर आज उपटलं. हरळी खालून विरळ झाली आहे, पिवळी. लाखोळीने झाकलं होतं म्हणून दिसलं नव्हतं. मी पातं वर घेतलं होतं म्हणूनही.

१८ जानेवारी, रविवार

उर्वशीला पाठवलेला मजकूर:

उर्वशी,
तुझं अभिनंदन शुक्रवारी करायला हवं होतं. आज करते.
तुला एक सहायक घेता येणार आहे, असं मुबीनकडून कळलं. मला परसबाग नको आहे, मला ग्रीनवरच काम करायचं आहे. तुझ्या हाताखाली चालेल. मशीन किती खाली घ्यायचं, पाणी किती द्यायचं, ते तू सांगशील तसं करेन. बी मी आणणार नाही.
गेस्ट हाऊसला मला येत्या शुक्रवारी उत्तर द्यायचं आहे. म्हणून गुरुवार, २२ जानेवारीपर्यंत हो किंवा नाही, एवढं कळव.
रंजीता