वाल्मिकच्या कानांविरुद्ध अर्ज

६ जानेवारी १९९७, सोमवार

पूजाला दिली! तीन महिन्यांपूर्वी आलेल्या पूजाला मुकादमाच्या शेजारी बसून कापडाचे ताके तपासायची जागा दिली. मी सात वर्षं बॉबिन भरतेय. तुटलेला धागा, तेलाचा डाग मला लांबून दिसतो. पूजाला हातात धरूनही दिसत नाही.

शेठ मलाच देणार होता. केबिनच्या काचेतून मी बघत होते. आमचा मुकादम, जॉबर वाल्मिक त्याच्यासमोर उभा राहून म्हणाला, "शेठ, आ तो बहेरी छे. पार्टी आवे तो शुं जवाब आपशे?" मी बहिरी म्हणे, गिऱ्हाइकाला काय जवाब देणार! शेठने मान हलवली. झालं.

वाल्मिक धरणगावचा, आम्ही पण धरणगावचे. राहतो आमच्याच चाळीत, त्याची बायको उषाबाई आमच्या घरून विरजण नेते. आणि हा माझ्या पोटावर पाय देतो!

सातव्या वर्षी तापात माझे कान गेले. डोळे नाही गेले. काचेपलीकडचं बोलणं मला दिसतं, हे त्या मूर्खाला माहीत असायला हवं होतं.

७ जानेवारी

झोपले नाही. वाल्मिकचं काय करावं याचाच विचार.

१० जानेवारी

आज मागांच्या खात्यात त्याने कारागीर चिंधाला सगळ्यांसमोर झापलं. "तोंडात मावा ठेवून माझ्याशी बोलायचं नाही! आधी थुंकून ये!" चिंधा बिचारा बावन्न वर्षांचा, उठून बाहेर गेला. काय तो रुबाब! स्वतः जणू कधी मावा खाल्लाच नाही.

खात्यात दीडशे माग एकदम चालतात. माझा भाऊ लोटू म्हणतो, तिथे कानात कोणी ओरडलं तरी कळत नाही. म्हणून सगळे ओठ हलवून बोलतात, मागाचा नंबर बोटांनी दाखवतात. दारातून आत पाऊल टाकलं की सगळेच माझ्यासारखे. ती एकच जागा आहे जिथे मी कोणापेक्षा कमी नाही. आणि तिथेच मला बहिरी म्हणून मागे ठेवलं.

१९ जानेवारी, रविवार

लोटूने पेपर आणला. धाकटा आहे, रिक्षा चालवतो, पण माझ्यासाठी पेपर वाचतो. केंद्र सरकारच्या ऑफिसात क्लार्कची एक जागा. फक्त बहिऱ्यांसाठी! नवीन कायदा झालाय म्हणे, शंभरात तीन जागा अपंगांना, त्यातली एक आमची. परीक्षा नाही. दहावीचे मार्क आणि सिव्हिलचा दाखला.

आईला दोनदा सांगावं लागलं. ती म्हणाली, "बहिरी शे म्हनीसन नोकरी देतस? मंग आतापावत कोठे व्हतात?"

मला ६१ टक्के आहेत. हे कान पहिल्यांदाच माझ्या कामी येणार.

नोकरी लागली की मी खात्यात जाऊन वाल्मिकसमोर उभी राहणार. काही बोलणार नाही. नुसती उभी राहणार.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रागात लिहितेय, अक्षर वाईट येतंय.

ऑफिसच्या भिंतीवर यादी लावली. दोन नंबरला मी. एक नंबरला – वाल्मिक! मला वाटलं दुसरा कोणी असेल. बापाचं नाव वाचलं, पत्ता वाचला. तोच. ६४ टक्के.

वाल्मिक बहिरा! जो खात्यात दीडशे मागांत सगळ्यांशी बोलतो, शेठशी गुजरातीत गोड गोड बोलतो, तो! सिव्हिलमध्ये कोणाला तरी चारून दाखला आणलाय. आधी मी बहिरी म्हणून माझी जागा घालवली. आता स्वतः बहिरा होऊन माझी दुसरी जागा खातोय!

नाही सोडणार. याला मी संपवणार.

२३ फेब्रुवारी

पुरावा हवा. पण ऐकू येतं की नाही हे मी कसं तपासू? लोटूला पाठवलं. वाल्मिक रविवारी उधन्याला टपरीवर चहा पितो. लोटू मागून गेला, तीन वेळा हाक मारली.

"वळलाच नही," लोटू म्हणाला. "मी एकदम बाजूले गऊ तवय दचकना."

नाटक! यादी लागलीय ना, म्हणून आता बाहेरही बहिरेपणाची प्रॅक्टिस चाललीय. पक्का आहे.

लोटू म्हणाला, "ताई, मना जीवले खरं वाटनं." मी त्याला गप्प केलं. त्याला काय कळतं?

२८ फेब्रुवारी

युक्ती सापडली. त्याच्याच खात्यातल्या लोकांची साक्ष!

कागद मीच लिहिला – "वाल्मिक जॉबर आमच्याशी रोज बोलतात. आम्ही सांगतो ते सर्व त्यांना समजते. त्यांना ऐकू येत नाही असे आम्हाला सहा-सात वर्षांत कधी जाणवले नाही." अकरा जणांनी सह्या केल्या. चिंधाने अंगठा दिला, आणि फार खुशीने दिला. म्हणाला, "माले थुंकाले धाडे ना!" किसन मराठवाड्यातला, तो जरा कां-कूं करत होता. "ताई, खोटं तर नाही ना हे?" मी म्हणाले, वाच ना, यात एक अक्षर खोटं असेल तर दाखव. त्याने दोनदा वाचलं. मग सही केली.

४ मार्च

तक्रारीचा अर्ज आणि सह्यांचा कागद सरकारी ऑफिसात दिला. शिक्का मारून पोच घेतली. एक प्रत शेठच्या टेबलावर ठेवली. ती ठेवायची गरज नव्हती. पण ठेवली! शेठलाही कळू दे, आपला लाडका जॉबर सरकारी नोकरीत पळायला बघतोय.

आज जेवण गोड लागलं.

१२ मार्च

वाल्मिकचा दाखला थांबवला. त्याला अहमदाबादला पाठवणार. तिथे डोक्याला वायरी लावून तपासतात, त्यात ढोंग चालत नाही. चालूच नये!

१४ मार्च

शेठने त्याला काढलं. पूजा सांगत होती – शेठने केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मागून काहीतरी विचारलं. वाल्मिक उभाच राहिला. शेठने पुन्हा विचारलं. मग हिशोब करून घरी घालवला.

ते नाटकही त्याने शेवटपर्यंत केलं, मानलं पाहिजे. सरकारी नोकरीच्या आशेने हातातली घालवली. भोग आता.

मला वाटलं होतं याहून जास्त आनंद होईल. असो. झाला तेवढा झाला.

२९ मार्च, शनिवार

आलं! नेमणूकपत्र आलं! जागा मार्चअखेर भरायची होती, वाल्मिकचा अहमदाबादचा अहवाल काही आला नाही, म्हणून दोन नंबरच्या मला. तीन एप्रिलला रुजू.

आई रडली. लोटूने पूर्ण चाळीत पेढे वाटले. मी म्हणाले, वाल्मिककडेही दे. लोटू नको म्हणत होता. मीच पेढा नेऊन दिला. उषाबाईने घेतला, माझ्याकडे बघितलं नाही. वाल्मिक खाटेवर बसला होता. मी समोर नुसती उभी राहिले, ठरवलं होतं तशी.

२ एप्रिल

उषाबाई आली. हातात अहमदाबादचा कागद. दोन्ही कान, सत्तर टक्क्यांच्या वर. दाखला खरा.

मग ती बोलू लागली, हळूहळू, माझ्याकडे तोंड करून. घरात आता असंच बोलायची सवय झालेली दिसते. "त्यास्ले सहा सालपाइन ऐकाले येत नही. मागंस्ना आवाजनी खादात कान. शेठले समजतं तर काढी टाकता, म्हनीसन लपाडं. तुले त्यास्ना शेजारनी जागा काबर दिन्ही नही? बाकीनास्ले समजनं नही, पन तू वळखी लेती." ऑफिसातले साहेब म्हणाले आहेत, मी आज सही करून अर्ज मागे घेतला तर जागा वाल्मिकची. नाहीतर चौकशी, आणि त्यात किती वर्षं जातील सांगता येत नाही. "तारा, सही कर. तुना पाया पडस."

तिच्या ओठांवरचा शब्दन् शब्द मी वाचला.

मी कानाला हात लावला आणि म्हणाले, "उषाबाई, मला काही कळलं नाही."