घासलेलं तळं

३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कोपऱ्यावरचं आपलं तळं बुजवून तिथे गाड्या लावायला जागा करायचं घाटतंय. तळ्यात इथले मूळचे बेडूक खरंच आहेत का, हे बघायला पालिकेचे साहेब येणार. दिसले तरच तळं वाचेल. म्हणून आमच्या तळे बचाव समितीने कंबर कसली. मी अध्यक्ष, तेव्हा हयगय चालणार नव्हती. लव्हाळी उपटली, शेवाळ काढलं, गाळ उपसला, काठ ब्रशने घासले. तळं आता आरशासारखं लख्ख आहे.

तुझ्या दाजींना नव्या गाडीसाठी जागा हवीच आहे, त्यामुळे ते गप्प. पण लव्हाळ्यांसकट सगळा गाळ त्यांनी खत म्हणून आमच्या मागच्या हौदात आणून ओतलाय. घरात घाण आणली म्हणून माझा अबोला चालू आहे.

तुझी वाट बघणारी,
ताई

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोक्याला हात लावला. अगं, पाहुणे येणार म्हणून तू घरच्यांनाच बाहेर काढलंस. बेडकांना चिखल लागतो, शेवाळ लागतं. आरसा कशाला, भांग पाडायला? लहानपणी माझी गोगलगाय तू साबणाने धुतली होतीस, ते मी विसरलेलो नाही. काढलेलं सगळं आधी परत नेऊन टाक.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि पाठोपाठ साहेबही आले. तळ्यात एक बेडूक दिसेल तर शपथ. साहेबांनी शेरा लिहायला पेन काढलं. समितीतलं कुणी माझ्याकडे बघेना.

तेवढ्यात तुझे दाजी पुढे झाले आणि साहेबांना आमच्या हौदापाशी घेऊन गेले. गाळाबरोबर आलेले बेडूक तिथे गळे फुगवून बसले होते. दाजींनी सांगितलं की हे तळ्यातलेच, बायकोने घासूनपुसून बाहेर काढलेले. ते गप्प राहिले असते तर गाडीला जागा मिळाली असती. मला फार भरून आलं. तळं राहिलं. गाळ आणि बेडूक आम्ही बादल्या भरभरून परत नेले.

जेवताना मी गाडीचं विचारलं. म्हणाले, गाडी उन्हात राहील. पण लग्नापासून या घरात पहिल्यांदाच त्यांना एक न घासलेला कोपरा मिळालाय, तेवढा हौद तसाच राहू दे.

राहू दिलाय. एक बेडूकही मागे राहिलाय. संध्याकाळी तुझे दाजी आणि तो, दोघं तिथे बसतात. माझे हात शिवशिवतात, पण झाडू मी दाराआडच ठेवते.

तुझा लोभ आहे तसाच असू दे, मी घासणार नाही.

ताई