प्लास्टिकच्या हिरवळीतला कढीपत्ता

मंगळवार, संध्याकाळ. सॅन होजे.

आज किळसच आली. पाणी वाचवायला अमेयनं मागच्या अंगणात प्लास्टिकची हिरवळ घातली, ह्यांनी लावलेल्या कढीपत्त्याच्या अगदी बुंध्यापर्यंत. उन्हात तिला जळक्या टायरचा वास येतो. सवयीनं मी झाडाला आंबट ताक घातलं, तर ते वरच साचलं आणि माश्या जमल्या.

"आई, प्लास्टिकला ताक पाजतेस?" अमेय हसला.

"बाबांच्या झाडाला पाजतेय."

"रिलॅक्स. ड्रिप लावू नंतर."

नंतर म्हणजे कधी? पानं करपायला लागलीत. ह्यांच्या हातचं आता एवढंच उरलंय, हे मुलाला सांगावं लागतं?

तो गेल्यावर भाजीच्या सुरीनं बुंध्याभोवतीची हिरवळ गोल कापून काढली. खालची माती पार दगड झाली होती. पाणी घातलं, मग ताक.

हाताला टायरचा वास अजून आहे. उद्या अमेयला भोक दिसेल. दिसू दे.